भिंतीवरचा शब्द पुसणारा मुलगा

डिसेंबरातला सोमवार. न्यूयॉर्कमधल्या एका प्राथमिक शाळेचा जिना सोळा वर्षांचा एक उंच, किडकिडीत मुलगा चढतो आहे. दहा वर्षांच्या बहिणीला एक चिठ्ठी पोचवायची, एवढंच त्याचं काम आहे. जिन्याच्या भिंतीवर कुणीतरी अर्वाच्य शिवी लिहून ठेवलेली त्याला दिसते आणि त्याच्या डोक्यात तिडीक जाते. आपली फीबी ही शिवी वाचेल, तिच्या वर्गातली पोरं वाचतील, एखादा आगाऊ मुलगा त्यांना तिचा वेडावाकडा अर्थ सांगेल आणि दोन दिवस ती पोरं त्याच विचारात राहतील, या कल्पनेने त्याचा जीव कासावीस होतो. तो ती शिवी हाताने घासून पुसून टाकतो. दुसऱ्या जिन्याशी तीच शिवी पुन्हा भेटते. ही चाकूने कोरलेली असल्यामुळे पुसली जात नाही. नंतर कलासंग्रहालयात इजिप्शियन थडगं पाहायला तो आत शिरतो, तर तिथल्या भिंतीवरही लाल खडूने तेच लिहिलेलं असतं.

अमेरिकेतल्या शाळांनी जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीला बाहेर काढलं, त्याच्या कारणांत हा शब्द अग्रभागी होता. मुलांच्या कानी असले शब्द पडू नयेत, अशी पालकांची तक्रार होती. कादंबरीचा नायक होल्डन कॉलफील्ड याचीही तक्रार हीच आहे. सबंध पुस्तकात तो शब्द येतो तो या प्रकरणातच, आणि तिथे तो पुसायला निघालेला मुलगा आपल्याला दिसतो. तक्रार करणाऱ्यांनी शब्द पाहिला, पुसणारा हात पाहिला नाही. गेली सत्तर-पंच्याहत्तर वर्षं या पुस्तकाभोवती जो गदारोळ चालला आहे, त्यातला बराचसा या एका नजरचुकीतून उभा राहिला आहे.

पुस्तकात घडतं ते तसं थोडंच. शनिवार दुपार ते सोमवार दुपार, एवढाच काळ. पेन्सिल्व्हेनियातल्या पेन्सी नावाच्या बड्या निवासी शाळेने होल्डनला काढून टाकलेलं आहे. पाचपैकी चार विषयांत तो नापास झाला आहे, फक्त इंग्रजीत पास. त्या आधीच्या शाळाही त्याला अशाच सुटलेल्या आहेत. घरी पत्र पोचायला बुधवार उजाडेल, तोवर आईवडिलांसमोर जायचं नाही, असं ठरवून तो रात्रीच्या गाडीने न्यूयॉर्कला येतो. हॉटेलात उतरतो, बारमध्ये बसतो, लिफ्ट चालवणाऱ्या मॉरिसच्या सांगण्यावरून एका वेश्येला खोलीवर बोलावतो आणि ती आल्यावर तिला हातही न लावता नुसतं बोलत बसू पाहतो. मग पैशांवरून मॉरिसचा मार खातो. नाश्त्याला भेटलेल्या दोन नन्सना दहा डॉलर देतो. एका मैत्रिणीबरोबर नाटक पाहतो, स्केटिंगला जातो आणि तिच्याशी कडाडून भांडतो. चोरपावलांनी स्वतःच्याच घरात शिरून झोपलेल्या धाकट्या बहिणीला उठवतो. एका जुन्या शिक्षकाच्या घरी रात्री आसरा घेतो आणि तिथूनही पळ काढतो. हे सगळं तो नंतर, कॅलिफोर्नियातल्या एका ठिकाणी विश्रांती आणि उपचार घेत असताना, आपल्याला सांगतो आहे.

‘आगाऊ पोराची दोन दिवसांची भटकंती’ असंही याचं वर्णन करता येईल. अनेकांनी केलंही. पण पाचव्या प्रकरणाशी वाचकाने थांबायला हवं.

खोलीतला सोबती स्ट्रॅडलेटर होल्डनकडून निबंध लिहून मागतो. एखाद्या खोलीचं किंवा घराचं वर्णन कर, म्हणतो. होल्डन लिहायला बसतो आणि लिहितो ते बेसबॉल खेळताना हातात घालायच्या एका चामडी मोज्याबद्दल. तो मोजा ॲलीचा, त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेल्या भावाचा. मैदानावर चेंडूची वाट बघताना वाचायला काही असावं म्हणून ॲलीने त्यावर हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या. लाल केसांचा हा हुशार, कधीही न रागावणारा मुलगा १८ जुलै १९४६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने गेला. अकरा वर्षांचा होता. त्या रात्री तेरा वर्षांचा होल्डन गॅरेजमध्ये झोपला आणि त्याने तिथल्या सगळ्या खिडक्यांच्या काचा मुठीने फोडल्या. हात इतका जायबंदी झाला की पुढेही त्याची मूठ नीट वळत नाही आणि पाऊस असला की तो हात ठणकतो.

पुढे बऱ्याच पानांनंतर, जाता जाता एक गोष्ट कळते. ॲलीच्या अंत्यसंस्काराला होल्डन नव्हताच. हाताच्या दुखापतीमुळे तो इस्पितळात पडून होता. अंत्यसंस्काराच्या वेळी काय झालं ते त्याला थोरल्या भावाकडून कळलं.

एवढं लक्षात ठेवलं की कादंबरी निराळीच दिसू लागते. होल्डन खोटेपणावर चिडतो, सिनेमावर चिडतो, बोटं मोडत बसतो, शिव्या हासडतो. पण त्याच्या मनाचा गाभा म्हणजे ज्याला निरोप द्यायला मिळाला नाही असा भाऊ. टॅक्सीवाल्यांना तो विचारत सुटतो, सेंट्रल पार्कमधलं तळं गोठल्यावर तिथली बदकं कुठे जातात? कुणी त्यांना गाडीत घालून नेतं, की ती आपली आपण उडून जातात? ज्यांना तो विचारतो त्यांना हा पोरकट प्रश्न वाटतो, एकजण तर त्याच्यावरच भडकतो. पण धाकटा भाऊ कुठे गेला हे ज्याला कुणी समजावून सांगितलेलं नाही, त्या मुलाला दुसऱ्या कुठल्या शब्दांत हा प्रश्न विचारता आला असता? कोसळायच्या बेताला आल्यावर फिफ्थ ॲव्हेन्यूवर प्रत्येक फुटपाथवरून खाली उतरताना त्याला वाटतं, आपण पलीकडे पोचणारच नाही, खाली खाली जात राहू. तेव्हा तो ॲलीला हाक मारतो. मला नाहीसा होऊ देऊ नकोस, अशी त्याची विनवणी करतो. पलीकडे पोचलं की त्याचे आभार मानतो.

पावसाचंही तसंच. होल्डनला एक आठवण सलत असते. तो स्मशानभूमीत गेला असताना एकदम पाऊस आला. भेटीला आलेली सगळी माणसं आपापल्या मोटारींकडे पळाली. त्यांना गाडीत बसून रेडिओ लावता येणार होता, कुठेतरी छानशा ठिकाणी जेवायला जाता येणार होतं. ॲली मात्र तिथेच राहिला. कादंबरीच्या शेवटाकडे फीबी सेंट्रल पार्कमधल्या फिरत्या घोड्यांवर बसलेली असताना पुन्हा धो धो पाऊस येतो. बाकीच्या मुलांचे आईबाप छपराखाली धावतात. होल्डन बाकावर बसून राहतो आणि चिंब भिजतो. या दोन पावसांमधला धागा लेखकाने कुठेही उलगडून सांगितलेला नाही. त्यामुळेच तो सहज निसटतो.

आणि मोठी माणसं? इतिहासाचे वृद्ध शिक्षक स्पेन्सर आजारी असूनही त्याला घरी बोलावतात. पण बोलावून करतात काय, तर त्याचीच नापास उत्तरपत्रिका त्याला मोठ्याने वाचून दाखवतात. जुने शिक्षक अँटोलिनी त्याला खरोखर जपणारे आहेत. पूर्वीच्या शाळेत जेम्स कॅसल नावाच्या मुलाने टवाळ पोरांच्या छळापायी खिडकीतून उडी मारली होती, तेव्हा बाकीचे सगळे नुसते उभे असताना याच माणसाने आपला कोट त्याच्या अंगावर घालून त्याला उचलून नेलं होतं. त्या मुलाच्या अंगात होल्डनकडून मागून घेतलेला स्वेटर होता. पण अँटोलिनीही दारूच्या अमलाखाली उपदेशाचा डोस पाजतात. रात्री ते आपल्या डोक्यावरून हात फिरवत बसलेत हे पाहून होल्डन घाबरून निघून जातो. तो स्पर्श वात्सल्याचा होता की आणखी कशाचा, हे लेखकाने मोकळं सोडलं आहे. बाहेर पडल्यावर होल्डनलाही आपण चुकीचा अर्थ लावला की काय, असं वाटू लागतं. त्या दोन दिवसांत भेटलेल्यांपैकी कुणीही त्याच्याजवळ ॲलीचा विषय काढत नाही. दहा वर्षांच्या फीबीशी बोलताना तो विषय निघतो, तेव्हा तीसुद्धा म्हणते की ॲली तर मेलाय. तो मेला म्हणून आपण त्याच्यावर प्रेम करायचं थांबवायचं का, असं होल्डन तिला चिडून विचारतो.

विल्यम फॉकनर यांना ही कादंबरी फार मोलाची वाटली होती. १९५८ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात बोलताना त्यांनी म्हटलं की या मुलाची शोकांतिका म्हणजे तो माणसांत यायला निघाला आणि तिथे माणसंच नव्हती.

सॅलिंजर यांना हा मुलगा एकाएकी सापडला नव्हता. १ जानेवारी १९१९ रोजी मॅनहॅटनमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील ज्यू होते, परदेशी चीज आणि हॅमचा व्यापार करत. मुलगा अभ्यासात यथातथाच होता. न्यूयॉर्कमधल्या मॅकबर्नी शाळेतून बाहेर पडावं लागल्यावर त्याची रवानगी पेन्सिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्ज मिलिटरी अकॅडमीत झाली. तिथून तो १९३६ मध्ये उत्तीर्ण झाला. वडिलांचा धंदा शिकण्यासाठी काही काळ व्हिएन्नात राहिला आणि १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत करण्याच्या जरा आधी परतला. कोलंबिया विद्यापीठातल्या संध्याकाळच्या वर्गात ‘स्टोरी’ मासिकाचे संपादक व्हिट बर्नेट यांनी त्याच्यातला लेखक हेरला आणि १९४० मध्ये त्याची पहिली कथा छापली.

१९४१ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ने होल्डन कॉलफील्डची एक कथा स्वीकारली. त्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि शाळकरी मुलाच्या कुरकुरीची ही कथा छापायला तो काळ योग्य वाटेना. ती अखेर डिसेंबर १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. मधल्या पाच वर्षांत सॅलिंजर युद्धावर जाऊन आले होते. ६ जून १९४४ रोजी चौथ्या पायदळ डिव्हिजनबरोबर ते नॉर्मंडीच्या युटा किनाऱ्यावर उतरले. नंतर हर्टगेनच्या जंगलातली भीषण लढाई, मग आर्डेन्समधला हिवाळा. शेवटी डाखाऊ छळछावणीच्या उपछावण्यांपैकी एक मोकळी झाल्यावर तिथलं दृश्य त्यांनी पाहिलं. जळलेल्या माणसांचा वास कितीही जगलो तरी नाकातून जात नाही, असं त्यांनी मुलीला सांगितल्याचं तिने २००० मध्ये लिहिलेल्या आठवणींत नोंदवलं आहे. १९४५ च्या उन्हाळ्यात मन थकून गेल्यामुळे ते न्यूरेंबर्गच्या इस्पितळात दाखल झाले होते.

त्या वर्षी ऑक्टोबरात ‘एस्क्वायर’मध्ये त्यांची एक कथा आली. त्यात व्हिन्सेंट कॉलफील्ड नावाचा सैनिक पावसात ट्रकमध्ये बसला आहे आणि युद्धात बेपत्ता झालेल्या धाकट्या भावाचा विचार त्याच्या डोक्यातून जात नाही. त्या भावाचं नाव होल्डन. म्हणजे मुळात होल्डन हा हरवलेला मुलगा होता आणि त्याच्यासाठी झुरणारा दुसराच कुणी. कादंबरी लिहिताना सॅलिंजर यांनी हे उलटं केलं. होल्डनला जिवंत ठेवलं आणि दुःख त्याच्या पदरात टाकलं. पुस्तकात युद्धाचा उल्लेख अगदी तुरळक आहे. थोरला भाऊ डी. बी. सैन्यात होता, हे कळतं. पण हे पुस्तक युद्धावरून आलेल्या माणसाने लिहिलं आहे, हे जाणून वाचलं की सोळा वर्षांच्या पोराच्या तोंडी मरणाचा विषय इतक्या वेळा का येतो याचं नवल वाटत नाही.

हार्कोर्ट ब्रेस या प्रकाशनसंस्थेतले संपादक रॉबर्ट जिरू यांना हस्तलिखित आवडलं होतं. त्यांच्या वरिष्ठांना मात्र हा मुलगा वेडा आहे की काय, असा प्रश्न पडला. सॅलिंजर यांनी हस्तलिखित परत घेतलं. ‘न्यूयॉर्कर’नेही त्यातला भाग छापायला नकार दिला. शेवटी बॉस्टनच्या लिटल, ब्राऊन अँड कंपनीने १६ जुलै १९५१ रोजी कादंबरी प्रसिद्ध केली. बुक ऑफ द मंथ क्लबने तिची निवड केली आणि ती लगोलग खपाच्या यादीत जाऊन बसली. मलपृष्ठावरचा आपला फोटो काढून टाका, असा आग्रह लेखकाने धरला आणि तिसऱ्या छपाईपासून तो निघाला. आज जगभरात पुस्तकाच्या साडेसहा कोटींहून अधिक प्रती खपल्याचं सांगितलं जातं.

लोक भुलले ते आवाजाला. होल्डन लिहीत नाही, बोलतो. एक वाक्य टाकतो, मग तेच पुन्हा ठासून सांगतो, विषय सोडून भलतीकडे जातो, खोटं बोलतो आणि आपण खोटारडे आहोत हेही सांगून टाकतो. मार्क ट्वेन यांच्या हक फिनने अमेरिकी कादंबरीत गावाकडच्या पोराची बोली आणली होती. सॅलिंजर यांनी महायुद्धानंतरच्या शहरी, पैसेवाल्या घरातल्या पोराची बोली आणली. १९५३ मध्ये एका शाळकरी मुलीला त्यांनी मुलाखत दिली. त्यात आपलं लहानपण पुष्कळसं पुस्तकातल्या मुलासारखंच होतं आणि ते सांगून टाकल्यावर मोकळं वाटलं, असं ते म्हणाले.

पुस्तक मोठ्यांसाठी लिहिलेलं होतं, मोठ्यांनी विकत घेतलं होतं. मग ते मुलांच्या हाती लागलं. खरा वाद सुरू झाला तो तिथून. १९६० मध्ये ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा इथे अकरावीच्या वर्गाला ही कादंबरी वाचायला सांगितल्याबद्दल एका शिक्षिकेला नोकरीवरून काढण्यात आलं. तिने दाद मागितली, नोकरी परत मिळाली. पुस्तक मात्र अभ्यासातून गेलं ते गेलंच. त्याच वर्षी मॉस्कोत ‘इनोस्त्रान्नाया लितेरातुरा’ या मासिकात रिता राइट-कोवाल्योवा यांनी केलेला कादंबरीचा रशियन अनुवाद प्रसिद्ध झाला आणि सोव्हिएत तरुणांनी तो डोक्यावर घेतला. भांडवलशाही समाजाचं सडलेपण दाखवणारी म्हणून तिकडच्या अधिकाऱ्यांना ही कादंबरी चालली. इकडे काही अमेरिकी पालकांना तिच्यात कम्युनिस्टांचा डाव दिसत होता. एकाच मुलावर दोन्ही बाजूंनी असे उलटे आरोप व्हावेत, यावरून त्याचं म्हणणं किती कमी लोकांनी ऐकून घेतलं हे कळतं.

१९७८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा इथे एका बाईंनी पुस्तकातले अपशब्द एकेक करून मोजले आणि ७८५ हा आकडा शाळा मंडळापुढे ठेवला. १९६१ ते १९८२ या काळात अमेरिकेतल्या शाळा आणि ग्रंथालयांत सर्वांत जास्त वेळा रोखलं गेलेलं पुस्तक हेच, असं मानलं जातं. १९८१ मध्ये तर ते सर्वाधिक रोखलं गेलेलं आणि त्याच वेळी सरकारी शाळांत सर्वाधिक शिकवल्या जाणाऱ्या पुस्तकांत दुसऱ्या क्रमांकाचं होतं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने आक्षेप आलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायला सुरुवात केल्यावरही १९९० ते १९९९ च्या यादीत ते दहावं आणि पुढच्या दशकात एकोणिसावं होतं.

पालकांची काळजी खोटी नव्हती, हेही म्हटलं पाहिजे. पुस्तकात सोळा वर्षांचा मुलगा अखंड सिगारेट ओढतो, दारू पितो, वेश्येला बोलावतो. आपल्या मुलाच्या हाती हे द्यावं का, असा प्रश्न कुठल्याही आईबापाला पडेल. पण त्या प्रसंगात नेमकं काय आहे? ती मुलगी, सनी, जवळपास त्याच्याच वयाची आहे. तिचा हिरवा झगा तो कपाटात अडकवतो आणि त्याला एकदम वाईट वाटू लागतं. ती दुकानात जाऊन हा झगा विकत घेत असेल तेव्हा विकणाऱ्याला ती कोण हे ठाऊकही नसेल, तिला तो इतर मुलींसारखीच समजला असेल, हे त्याच्या मनात येतं आणि त्याची वासना विरून जाते. वेश्येकडे माणूस म्हणून बघायला शिकवणारी अशी पानं शाळेच्या पुस्तकांत फारशी नसतात. शाळांनी दाराशी अडवलं ते याच पानांना.

टल्साची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या शिक्षिकेच्या प्रकरणानंतर काही वर्षांनी त्याच शहरातली एस. ई. हिंटन नावाची मुलगी शाळेत शिकत असताना गरीब आणि श्रीमंत पोरांच्या टोळ्यांवर कादंबरी लिहीत होती. ‘द आउटसायडर्स’ नावाने ती १९६७ मध्ये आली आणि किशोरांसाठीच्या वास्तववादी कादंबरीचं एक नवं दालन तिने उघडलं. जिथे होल्डनला वर्गाबाहेर काढलं, तिथल्याच एका मुलीने मुलांना स्वतःच्या भाषेत बोलू दिलं.

८ डिसेंबर १९८० रोजी मार्क डेव्हिड चॅपमन याने न्यूयॉर्कमध्ये जॉन लेनन यांना त्यांच्या घराच्या दारात गोळ्या घातल्या आणि पोलीस येईपर्यंत तिथेच ‘कॅचर’ वाचत उभा राहिला. त्याच दिवशी विकत घेतलेल्या त्या प्रतीवर त्याने होल्डनच्या नावाने सही केली होती. शिक्षा सुनावली जाताना त्याने न्यायालयात कादंबरीतला उतारा वाचला. पुढच्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या जॉन हिंकलीच्या हॉटेलच्या खोलीतही हे पुस्तक सापडलं. तेव्हापासून ‘खुन्यांचं पुस्तक’ हा शिक्का त्याला चिकटला आहे.

तो शिक्का अन्यायाचा आहे. चॅपमनने वाचला तो राय या धान्याच्या शेतातला उतारा. होल्डनने रस्त्यावर एक लहान मुलगा रॉबर्ट बर्न्सचं गाणं चुकीच्या शब्दांत म्हणताना ऐकलेलं असतं. त्यावरून त्याने मनाशी एक चित्र रंगवलेलं असतं: उंच कड्याजवळच्या रायच्या शेतात हजारो मुलं खेळताहेत आणि कडेला धावत येणाऱ्या प्रत्येकाला आपण झेलतो आहोत. कादंबरीचं नाव तिथून आलं. पण कादंबरी तिथे संपत नाही. फिरत्या घोड्यावर बसलेली फीबी सोनेरी कडं पकडायला वाकते, ती पडेल अशी भीती होल्डनला वाटते आणि तरीही तो तिला अडवत नाही. मुलांना कडं पकडायचं असेल तर पकडू द्यावं, पडली तर पडली, हे त्याला तिथे उमगतं. सगळ्यांना वाचवण्याची जबाबदारी आपल्यावर आहे, हा भ्रम पुस्तकानेच शेवटी सोडून दिला आहे. पंचवीस वर्षांचा चॅपमन त्या भ्रमापाशीच अडकला. त्याच्या मनाच्या आजाराचा जाब एका कादंबरीला विचारणं म्हणजे ती अर्धीच वाचणं.

सॅलिंजर स्वतः यातल्या कशावरच बोलले नाहीत. १९५३ पासून ते न्यू हॅम्पशायरमधल्या कॉर्निश या खेड्यात राहत होते. त्यांची शेवटची कथा जून १९६५ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ने छापली आणि त्यानंतर २७ जानेवारी २०१० रोजी एक्क्याण्णवाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत त्यांनी नवं काही प्रसिद्ध केलं नाही. न्यूयॉर्कच्या रामकृष्ण-विवेकानंद केंद्रातले स्वामी निखिलानंद यांच्याशी त्यांचा स्नेह होता. रामकृष्णांच्या वचनांचा ग्रंथ त्यांनी मनापासून अभ्यासला होता आणि ‘फ्रॅनी अँड झोई’सारख्या नंतरच्या लेखनात वेदान्ताचा ठसा स्पष्ट दिसतो. ‘कॅचर’वर चित्रपट काढायला त्यांनी कधीच परवानगी दिली नाही. २००९ मध्ये एका स्वीडिश लेखकाने म्हातारा झालेला होल्डन घेऊन कादंबरी लिहिली, तेव्हा नव्वदीतले सॅलिंजर न्यायालयात गेले.

मराठी वाचकाला या पुस्तकाची ओळख अनेकदा ‘कोसला’मुळे होते. भालचंद्र नेमाडे यांची ही कादंबरी १९६३ मध्ये आली आणि तिची ‘कॅचर’शी तुलना मराठी समीक्षेत तेव्हापासून होत आली आहे. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकरही आवाजातूनच उभा राहतो. त्यालाही शिक्षणाचा, वसतिगृहाचा, मोठ्यांच्या प्रतिष्ठेचा उबग येतो. कोण कुणाचं देणं लागतं, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. त्यापेक्षा महत्त्वाचं साम्य तुलनेने मागे राहिलं: पांडुरंगच्या आयुष्याच्या केंद्राशीही धाकट्या बहिणीचा मृत्यू आहे. फरकही तितकाच मोठा आहे. पांडुरंगला परतायला गाव आहे, वडिलांशी भांडायला वाडा आणि शेती आहे, दुःख सांगायला कथा-कीर्तनाची, बखरीची भाषा हाताशी आहे. होल्डनच्या घरी लिफ्ट आहे आणि बंद दारं आहेत. त्याला दुःखाची भाषाच मिळालेली नाही. मुलांच्या भाषेवरून वाद आपल्याकडेही झाले. १९६५ साली भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’वर अश्लीलतेचा आरोप झाला, तेव्हाही मुंबईच्या नाक्यावरची ती पोरं काय बोलतात यावरच बहुतेकांचं लक्ष खिळलं.

आजचा वाचक होल्डनवर वेगळे आक्षेप घेतो. खिशात पैसे असलेल्या गोऱ्या मुलाचं हे रडगाणं आम्ही का ऐकावं, असं विचारणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. समलिंगी माणसांबद्दल तो ज्या भाषेत बोलतो ती खटकते आणि खटकायलाच हवी. मुलींकडे बघण्याची त्याची नजरही सरळ नाही. ज्या जेन नावाच्या मुलीबद्दल त्याला खरी ओढ आहे तिला फोन करायचा, असं तो पुन्हा पुन्हा ठरवतो आणि नको त्या मैत्रिणीला फोन लावतो. हे सगळं त्याच्या खात्यावर मांडावंच लागेल. पण पैशाने ॲली परत येत नाही, आणि श्रीमंत घरातही मुलाच्या फुटलेल्या मुठीवर औषधोपचार होतात, त्यामागच्या दुःखावर होत नाहीत, हे या पुस्तकाचं म्हणणं त्या आक्षेपांनी खोडलं जात नाही.

ही कादंबरी वर्गात शिकवणाऱ्यांना किंवा घरात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलीच्या हाती देणाऱ्यांना एक सुचवावंसं वाटतं. चर्चेला शिव्यांपासून किंवा हॉटेलच्या खोलीपासून सुरुवात करू नये. पाचव्या प्रकरणातल्या मोज्यापासून करावी. होल्डनने तो निबंध स्ट्रॅडलेटरला दिला तेव्हा खोलीचं वर्णन मागितलं होतं, मोज्याचं नाही, म्हणून तो वैतागला. होल्डनने तिथल्या तिथे कागद फाडून टाकला. स्ट्रॅडलेटरच्या जागी तुम्ही असतात तर निबंध वाचून होल्डनला काय विचारलं असतं, एवढं मुलांना विचारावं आणि त्यांना हवा तेवढा वेळ बोलू द्यावं.